डावा, उजवा, वर

२१ जुलै २०२५, सोमवार

पहाटेपासून भुरभुर होती. वायपरने बास्केटबॉल कोर्टवरचं पाणी ओढलं, फ्री थ्रो लाइनपाशी सिमेंट खचलंय तिथे गोणपाट टाकलं. साडेसहापर्यंत अकराजणी आल्या. ती आली नाही.

काल रात्री चेक प्रजासत्ताकात, ब्रनोला, १९ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली. अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला ८८-७६ असं हरवलं. पाणी प्यायला थांबलो तेव्हा मुलींना मोबाईलवर थोडी दाखवली. अकरा डोकी एका स्क्रीनवर. "ताई, या आमच्याच वयाच्या?" हो, २००६ किंवा त्यानंतर जन्मलेल्या. मग लगेच, "आपण का नाही यात?"

सोळा संघ असतात, त्यात आशियाच्या वाट्याला चार जागा. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडही आशियातूनच खेळतात. जपान, चीन, कोरिया आहेतच. त्याच वर्षी बंगळुरूला आपल्या सोळा वर्षांखालच्या मुलींनी आशियाई स्पर्धेचा ब गट, म्हणजे खालच्या फळीचा, जिंकला होता, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! शिरीन लिमये तर याच पुण्याची, भारताची कर्णधार झाली. हे सगळं सांगितलं. मनात होतं ते मात्र बोलले नाही. ज्या वयासाठी जग विश्वचषक भरवतं, नेमक्या त्याच वयात आपण मुलींना म्हणतो, आता खेळ पुरे.

आज जी आली नाही, तिच्या आईचा शनिवारी फोन आला होता. "ताई, बारावी आहे हो. एक वर्ष बंद ठेवूया, मग येईलच की." माझ्या आईनेही हेच म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत, आणि तिचंही काही चुकलं नव्हतं. पण ते वर्ष संपलं तेव्हा हात बसलेला नव्हता, टीममधल्या जागा भरल्या होत्या, आणि परत जायला मला लाज वाटली. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

डाव्या हाताचा लेअप, म्हणजे धावत येऊन दोन पावलांत उडी घेऊन जवळून बॉल टाकणं, शिकायला या मुलीला चार महिने लागले. रोज सराव संपल्यावर एकटी थांबायची, स्वतःशीच पुटपुटत: डावा, उजवा, वर. पाय चुकला की पुन्हा मागे जाऊन सुरुवात. जूनमध्ये एका सकाळी लागोपाठ सात गेले. आठवा रिंगवर फिरून बाहेर पडला तर ही हसत माझ्याकडे धावत आली, सात मोजले का ताई?

दुपारी तिच्या घरी जाऊन आले. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा ते सात, एवढंच मागितलं. सातला मी स्वतः गाडीवरून टिळक रोडला क्लासपाशी सोडेन म्हटलं. आई म्हणाल्या, यांना विचारून सांगते. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती, हातात फिजिक्सचं पुस्तक.

रात्रीचे साडेनऊ झालेत, अजून फोन नाही. उद्या मंगळवार. तिचा सहा नंबरचा बॉल माझ्याकडेच आहे, मघाशी हवा भरून ठेवली.