डिस्क निम्मी रिकामी, तरी ‘जागा नाही’

लिनक्स सर्व्हरवर लॉगिन अचानक बंद पडलं. साइटची पानं उघडत होती, पण पासवर्ड टाकला की एरर. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही कमांड चालवली, तर १०० जीबीच्या पार्टिशनवर जवळपास निम्मी जागा मोकळी. आणि जागा नसल्याची तक्रार ज्या लॉगमध्ये येत होती, तो लॉग मात्र बिनबोभाट वाढत होता. म्हणजे जुन्या फाइलीत लिहिता येत होतं, फक्त नवी फाइल तयार होत नव्हती.

‘डीएफ -आय’ पाहिल्यावर उलगडा झाला. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी, १०० टक्के संपलेले. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये फाइल एका बाइटची असली तरी तिला एक आयनोड लागतोच, आणि आयनोड किती हे फॉरमॅट करतानाच ठरतं. डिफॉल्ट हिशेब १६,३८४ बाइटमागे एक, म्हणजे १०० जीबीला साधारण ६५ लाख. पुढे वाढवायचे तर पार्टिशन मोठं करा, नाहीतर नव्याने फॉरमॅट करा.

कुठल्या फोल्डरमध्ये किती आयनोड हे ‘डीयू --आयनोड्स’ने शोधत गेल्यावर सेशनचा फोल्डर सापडला; प्रत्येक लॉगिनची एक छोटी फाइल इथे तयार होते. जुनी सेशन पुसणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडला होता. अशा फोल्डरमध्ये फाइलींची यादी दाखवणारं साधं ‘एलएस’ अडकून बसतं, कारण ते आधी सगळी नावं गोळा करून क्रम लावतं. ‘एलएस -एफ’ लगेच दाखवायला लागतं. सगळं पुसणारं ‘आरएम *’ तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून हात वर करतं. मग ‘फाइंड . -टाइप एफ -एमटाइम +१ -डिलीट’. इथे +१ म्हणजे किमान ४८ तास जुन्या फाइली. ‘-डिलीट’ शेवटीच लिहायचं. अटींच्या आधी लिहिलं तर सगळंच पुसलं जातं.

संताप येतो तो त्या मेसेजचा. ब्लॉक (डेटाची जागा) संपले की आयनोड, हे कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, त्या क्षणी पक्कं ठाऊक असतं. तरी प्रोग्रामच्या हाती दोन्हींसाठी एकच एरर, क्रमांक २८. आयनोटिफाय वॉचची (फाइलींतल्या बदलांवर ठेवलेल्या पाळतीची) मर्यादा संपली तरी हाच, आणि तिचा डिस्कशी काडीचाही संबंध नाही! कारण माहीत असून ते न सांगणं हा दोषच आहे, आणि त्याची किंमत साइट बंद असताना मोजावी लागते.

आता अलर्ट ‘डीएफ -आय’वरही लावला आहे, ८० टक्क्यांना. सेशनसाठी एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमचं वेगळं पार्टिशन केलं; तिथे आयनोड लागतील तसे तयार होतात.