कूलरची मोटर, भरती-ओहोटी आणि 49 दिवस

जानेवारीत, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, घरात सुरू केलेल्या मातीविना बागेची ही पुढची नोंद. नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. मागच्या खोलीत लोखंडी रॅक आहे. खालच्या कप्प्यात 40 लिटरचं खताच्या पाण्याचं पिंप, वर उथळ ट्रे, ट्रेमध्ये भाजलेल्या मातीच्या गोळ्या भरलेल्या बारा जाळीच्या कुंड्या. पुदिना, पालक, लेट्यूस आणि इटालियन तुळस. वर 14 तास एलईडी. कूलरची 18 वॅटची मोटर पाणी वर चढवते, मोटर थांबली की तेच पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. समुद्र सोलापूरपासून कुठल्या कुठे, पण आमच्या घरात दिवसातून दहा-बारा वेळा भरती येते.

वेळा हातात घड्याळ घेऊन मोजल्या. ट्रे ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंत भरायला साडेतीन मिनिटं, रिकामा व्हायला सात. म्हणून मोटर पाच मिनिटं चालू ठेवतो. जास्त पाणी म्हणजे जास्त वाढ असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण या पद्धतीत खरी कामाची असते ती ओहोटी. पाणी उतरताना गोळ्यांच्या फटींतून हवा आत ओढली जाते आणि मुळं श्वास घेतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे फारच महत्त्वाचं, कारण 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो, आणि नेमकी त्याच वेळी मुळांची भूक वाढलेली असते. पाणी तापलं की मूळकूज आलीच म्हणून समजा.

आधी खाचांचा चोवीस तासांचा टायमर होता. एक खाच पंधरा मिनिटांची, त्याहून कमी जमत नाही, ही पहिली अडचण. दुसरी आपल्या गावची: लाइट गेली की तो टायमरही थांबतो. एप्रिलच्या आठवड्याभरात माझा टायमर पावणेचार तास मागे पडला होता. झाडांची दुपार संध्याकाळी उजाडत होती.

म्हणून ईएसपी 8266 चा बोर्ड (वायफाय असलेला, प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा संगणकच), एक रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच, पाण्यात बुडणारा डीएस18बी20 तापमान सेन्सर, आणि डीएस3231 चं छोटं घड्याळ, ज्याला स्वतःचा बटण सेल असतो. इंटरनेटवरून वेळ घेता येते, घड्याळ कशाला, असं मीही आधी म्हटलं होतं. पण लाइट आल्यावर राउटर जागा व्हायला बोर्डापेक्षा जास्त वेळ घेतो, आणि तोवर बोर्डाच्या लेखी 1970 सालची 1 जानेवारी चालू असते. घड्याळ घ्याच.

आता या वेळचे तीन धडे. तिन्ही लाइटने दिलेले.

पहिला किरकोळ. माझा रिले शून्य व्होल्टला चालू होणाऱ्या जातीचा. बोर्ड सुरू होताना काही पिना क्षणभर हेलकावतात, त्यामुळे लाइट आली की मोटर एक उचकी द्यायची. रिलेची वायर डी1 वर हलवली, उचकी गेली.

दुसऱ्याने मला दोन दिवस वेड लावलं. मी नियम असा लिहिला होता: पाणी 30 अंशांच्या वर गेलं तर दोन भरत्यांमधलं अंतर दीड तासावरून एका तासावर आणायचं आणि रॅकचा पंखा लावायचा. तर लाइट जाऊन आली की दर वेळी पंखा सुरू. पहाटे पाचला, गार हवेतसुद्धा. लॅपटॉप जोडून बसलो तेव्हा दिसलं: बोर्ड जागा झाल्यावरचं पहिलं तापमान 85 अंश! पिंपात चहा उकळतोय की काय. तर हा सेन्सर वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत 85 हाच आकडा धरून बसतो, आणि पूर्ण बारकाईच्या मोजमापाला त्याला पाऊण सेकंद लागतो. मी त्याआधीच विचारत होतो. आता 85 आलं तर फेकून देतो. उणे 127 आलं तर तेही फेकतो. त्याचा अर्थ वायर सुटली आहे किंवा 4.7 किलो ओहमचा रेझिस्टर लावायचा राहिला आहे.

या कटकटीला कंटाळून सगळं सामान घरच्या इन्व्हर्टरवर घेतलं. रविवारी सकाळी नऊला स्विच टाकला, वहीत वेळ लिहिली. मग सात आठवडे कुरकुर नाही. आई म्हणालीसुद्धा, "आता कसं शहाण्यासारखं चाललंय रे." तिथेच दृष्ट लागली.

रात्री दोनच्या सुमारास टक-टक-टक असा आवाज माझ्या कानावर आला होता, हे मला सकाळी आठवलं. पण आमच्या पेठेत रात्रीही माग चालतात, खटखट ऐकून इथे कुणी कूस बदलत नाही. सहाला उठून पाहतो तर मोटर चालू, ट्रे काठोकाठ, ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी पिंपात पडतंय. जमीन कोरडी होती ती त्या नळीच्या कृपेने. पाण्याचं तापमान रोजच्यापेक्षा दोन अंश जास्त, कारण पाण्यातली मोटर आपली उष्णता पाण्यालाच देते. तुळशीच्या दोन झाडांनी माना टाकलेल्या. बोर्ड म्हणतोय मोटर बंद आहे, आणि रिले आतून चिकटलेला.

वहीतली वेळ काढली. सात आठवडे म्हणजे 49 दिवस, वर सतरा तास. प्रोग्रॅममधले जुने खेळाडू आत्ताच हसले असतील. बोर्डातला मिलिसेकंदांचा काउंटर 4,29,49,67,295 पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. त्याला लागतात 49 दिवस, 17 तास, 2 मिनिटं आणि वर काही सेकंद. दिवस की रात्र हे मी घड्याळाला विचारत होतो, पण भरत्यांमधलं अंतर या काउंटरवर मोजत होतो, तेही चुकीच्या रीतीने. 'पुढची वेळ' आधीच काढून ठेवायची आणि काउंटर तिच्या पुढे गेला की काम करायचं. शेवट जवळ आल्यावर ती 'पुढची वेळ' शून्याला वळसा घालून बारीक आकडा झाली, म्हणजे ती कधीच होऊन गेली असं बोर्डाला वाटलं. मोटर बंद केली की लगेच पुन्हा चालू. आणि अगदी शेवटच्या पाच मिनिटांत पाच मिनिटांचं मोजमापही गडगडलं आणि रिले दर सेकंदाला आदळत राहिला. तोच माझा 'माग'.

गंमत म्हणजे ही चूक पहिल्या दिवसापासून होती. पण लाइट दर दोन-चार दिवसांनी जायची, काउंटर शून्यावर यायचा, आणि चूक कधी वर आलीच नाही. लाइटला शिव्या घालत होतो, तीच सांभाळून घेत होती.

दुरुस्ती एका ओळीची. पुढची वेळ काढायची नाही. आत्ताच्या काउंटरमधून मागच्या वेळचा आकडा वजा करायचा आणि ते अंतर पुरेसं झालं का एवढंच बघायचं. दोन्ही आकडे बिनचिन्हाचे (म्हणजे कधी उणे न होणारे) 32 बिटचे ठेवले तर शून्य ओलांडतानाही वजाबाकी बरोबर येते. 49 दिवस थांबायला नको म्हणून काउंटरमध्ये मुद्दाम मोठा आकडा मिळवला, दोन मिनिटांत तो शून्यावरून गेला, रिले शांत.

पण चिकटलेल्या रिलेला कुठलाही प्रोग्रॅम सोडवू शकत नाही. त्यामुळे आता मोटरच्या वाटेत एकापाठोपाठ एक असे दोन रिले आहेत. दुसरा एरवी चालूच असतो. ट्रेच्या वरच्या फ्लोटला, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या स्विचला, दहा मिनिटांहून जास्त पाणी लागलं की हा रिले मोटरची वीज तोडतो. पिंपातला खालचा फ्लोट वेगळा, मोटर कोरडी चालू नये म्हणून. त्यावर क्षार बसून तो अडकतो, दर रविवारी लिंबाच्या पाण्यात बुडवून साफ करावा लागतो. आमच्या बोअरच्या पाण्याला इलाज नाही. नळाचं पाणी आलं की दोन घागरी बाजूला ठेवतो आणि पिंपातली घट त्या साध्या पाण्याने भरतो. घट भरताना खत घालू नका; झाडं पाणी जास्त आणि क्षार कमी उचलतात, त्यामुळे मे महिन्यात क्षार मोजायच्या मीटरवरचा आकडा आपोआपच चढत असतो.

पिंप गार ठेवायला बर्फाच्या बाटल्या करून झाल्या. सगळ्यात चांगला निघाला आपला टर्किश टॉवेल: ओला करून पिंपाला गुंडाळायचा, खालचं टोक पाण्याच्या परातीत, समोर पंखा. कोरड्या हवेत तीन अंश सहज उतरतात. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र एकावर आलंय.

तुळशीचं एक झाड गेलं, दुसऱ्याला नवी पानं फुटली आहेत. काउंटरचा आज चोविसावा दिवस. चाचणी झाली आहे, वजाबाकीवर माझा भरवसा आहे, तरी पन्नासाव्या रात्री मी मागच्या खोलीतच अंथरूण घालणार आहे.