दोन नंबरच्या होलची ओढ

सोमवार, रात्री

आज माझ्या हार्मोनिकाचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं आणि दोन महिन्यांचं कोडं सुटलं. बारा बारच्या, म्हणजे बारा तालखंडांच्या, ब्लूजमध्ये मी दर वेळी नवव्या-दहाव्या बारला धापा टाकायला लागते, सूर चिरकतो आणि शेवटची ओळ कशीबशी उरकते. दमसास कमी पडतो अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. रेकॉर्डिंगमध्ये मात्र आत ओढलेल्या श्वासावर श्वास ऐकू येतात, सोडलेला जवळपास एकही नाही. छाती तुडुंब भरलेली आणि मी वरून आणखी हवा ओततेय.

सेकंड पोझिशनचा हा स्वभावच. सी पट्टीची हार्मोनिका घेऊन जी मध्ये वाजवायचं, म्हणजे सा येतो दोन नंबरच्या होलवर, तोही ओढून. पहिल्या चार होल्समधून एकदम श्वास ओढला की जी ची अख्खी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मिळते. पंचम चौथ्या होलवर, कोमल निषाद पाचव्यावर, दोन्ही ओढीचे. फुंकायला मिळतं ते मुख्यतः मध्यमाच्या कॉर्डवर, पाचव्या-सहाव्या बारमध्ये. तिथेच रिकामं होऊन घ्यायला हवं होतं आणि तिथेच मी जोर वाचवत बसायचे! आता वहीत त्या दोन बारांखाली लाल रेघ मारली आहे: ‘इथे सोड’. बाकी ठिकाणी दोन ओळींच्या फटीत नाकावाटे.

मंगळवार

फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे सी वर सी वाजवताना, सा फुंकीचा. ओळ संपते ती निःश्वासासारखी, मोकळी होऊन. सेकंडमध्ये ओळ संपते तेव्हा श्वास आतच असतो, काहीतरी बोलायचं राहिल्यासारखा. ब्लूजवाले बहुतेक सेकंडकडे का वळतात याची शास्त्रशुद्ध कारणं आहेत (बेंड होणारे, म्हणजे श्वासाने वाकवून खाली आणता येणारे, सूर नेमके मोक्याच्या जागी येतात), पण मला हे अडकलेलं बोलणंच जास्त पटतं.

बुधवार, उशिरा

तीन नंबरचं होल. चाळीस मिनिटं फक्त तीन नंबरचं होल.

सी हार्मोनिकावर इथे फुंकीचा जी आणि ओढीचा बी. एकाच खोबणीत सूर देणाऱ्या दोन पत्त्या. जीभ मागे घेऊन, घशाकडची जागा बदलून ओढलं की वरच्या सुराची पत्ती उतरते, खालच्या सुराची तिला साथ देते आणि सूर जी च्या अलीकडे कुठेतरी लोंबकळतो. बी आणि जी मध्ये चार अर्धस्वरांचं अंतर, म्हणजे अधेमधे तीन सूर, तेवढेच तीन बेंड. पाच नंबरला फुंकीत आणि ओढीत एकाच अर्धस्वराचं अंतर, म्हणून तिथे पूर्ण बेंड होतच नाही. हे कळलं नव्हतं तोवर मी पाच नंबरशी उगाच भांडत होते.

सेकंडमध्ये तीनची ओढ म्हणजे शुद्ध गांधार, अर्धा बेंड म्हणजे कोमल. ब्लूजचा गांधार या दोघांच्या मध्ये राहतो. तिथे थांबता येत नाही, घरंगळता येतं. मींड म्हणू की नको? मींडेला जाण्याचं ठिकाण ठरलेलं असतं. हा सूर वाटेतच बसून राहतो.

शनिवार

गिटारवाला मित्र आला होता. त्याने ई मध्ये सुरुवात केली, मी ए ची हार्मोनिका काढली. ए पासून पाचवा सूर ई, म्हणजे सेकंड पोझिशन. इतपत हिशेब आता बोटांवर होतो. लाल रेघ उपयोगी पडली, बाराव्या बारपर्यंत माणसासारखी पोचले. मग तो म्हणाला, “आता डी मायनर, संथ.” माझ्याकडे फक्त ए आणि सी. सी उचलली: सी, तिचा पाचवा जी, जी चा पाचवा डी. थर्ड पोझिशन, जी मी आजवर वहीतच वाजवली होती.

हार्मोनिका तीच, पत्त्या त्याच, फक्त सा एक नंबरच्या ओढीवर सरकला. आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात तो हाच प्रकार: फर्स्टमध्ये बिलावल, सेकंडमध्ये खमाज, थर्डमध्ये काफी. आयता कोमल गांधार पाच नंबरवर बसलेला, बेंडची गरजच नाही. चार ते आठ नंबरपर्यंत सगळं सापडतं. खाली मात्र पंचमच गायब, तो तीन नंबरच्या दुसऱ्या बेंडमध्ये लपलेला. मी त्याच्यावर उडी मारली आणि तो भलताच खाली लागला. मित्राने तेवढ्यात एक कॉर्ड जोरात वाजवली. दिलदार माणूस.

रविवार

आज वाजवलं कमी, ब्लूजच्या जुन्या हार्मोनिकावाल्यांना ऐकलं जास्त.

सनी टेरी हार्मोनिका वाजवता वाजवता मध्येच तोंडाने हाळी देतो. कुठे आवाज संपतो आणि कुठे पत्ती सुरू होते, शिवण दिसत नाही. आणि ती हाळी म्हणजे हवा बाहेर सोडणंच की! मी नाकाने करते ते हा गडी गाऊन करतो. जिमी रीड फर्स्ट पोझिशनमध्ये वरच्या टोकाला, आठ-नऊ-दहा नंबरवर, फुंकून बेंड करतो. माझं तिथे शिट्टीसारखं काहीतरी निघतं, सध्या तो नाद सोडलेला बरा. लिटल वॉल्टर माइक ओंजळीत हार्मोनिकासकट दाबून धरतो आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो तो आवाज सॅक्सोफोनच्या भाऊबंदातला वाटतो. त्याची ‘ज्यूक’ ही धून १९५२ ची. मी पहिली ओळ पंचवीस वेळा ऐकली, दर वेळी एकच प्रश्न: हा श्वास कुठे सोडतोय?

सव्विसाव्या वेळी जिभेकडे लक्ष दिलं. मी ओठ चंबूसारखे करून एकेक होल पकडते. जुने लोक तोंडात चार होल्स घेऊन जिभेने डावीकडची झाकतात आणि कोपऱ्यातून सूर काढतात. जीभ उचलली की मागून कॉर्ड थाडकन येते. करून पाहिलं. सूर जाड झाला, पण दोन नंबरचा बेंड पार हरवला. म्हणजे बेंड पुन्हा पहिल्यापासून शिकायचे.

सोमवार

सी ची चार नंबरची ओढ किंचित उतरल्यासारखी वाटतेय. ट्यूनर लावून पाहिलं, खरंच उतरली आहे. इतके दिवस हिसके मारून ओढत होते, त्याचा परिणाम. आता ए घेऊन बसते, चंबू न करता, तीन नंबर. हळू.