आमच्या गेममधला ड्रुइड आणि कृष्णेचा पूर

फँटसी गेमच्या कुठल्याही टेबलावर ड्रुइड (निसर्गाची पूजा करणारा, प्राण्याचं रूप घेऊ शकणारा जादूगार पुजारी) घेणारा एक गडी असतोच, आणि बहुतेक वेळा त्याला फक्त अस्वल व्हायचं असतं. निसर्गपूजा वगैरे कॅरेक्टर शीटवर लिहिलेली असते तेवढीच. लढाई आली की वाइल्डशेप, म्हणजे प्राण्याचं रूप, लढाई संपली की जखमा बऱ्या करा, आणि मधल्या वेळात साहेब झाडाखाली बसून गूढ चेहरा करणार.

मी आमच्या सांगलीच्या ग्रुपचा डीएम (डंजन मास्टर) आहे, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जग मी रचायचं आणि बाकीच्यांनी त्यात धिंगाणा घालत माझ्या घरचं भडंग संपवायचं. यावेळच्या कॅम्पेनला, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या गोष्टीला, नदीकाठचं एक राज्य बनवलं आणि तेव्हाच ठरवलं की ड्रुइडला काहीतरी काम द्यायचं. जंगलात राहतो, प्राण्यांशी बोलतो हे काय काम झालं का? गावाचं त्याच्यावाचून अडलं पाहिजे, नाहीतर तो नुसताच डोंगरावरचा बाबा.

खरे ड्रुइड जुन्या काळी गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपास) आणि ब्रिटनमध्ये होते. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, जे कळतं ते रोमन लोकांकडून, म्हणजे शत्रूकडून, त्यामुळे जरा जपूनच घ्यायचं. पण गॉल जिंकणारा रोमन सेनापती सीझर जे लिहितो ते वाचून मी चाटच पडलो. त्यांना कर माफ, लढाईची सक्ती नाही, काहीजण 20-20 वर्षं नुसतं पाठांतर करायचे, आणि खून, वारसा, बांधाची भांडणं असले सगळे निवाडे तेच द्यायचे. निवाडा मानला नाही तर त्या माणसाला यज्ञाला बंदी, आणि लोक त्याच्याशी बोलणंही टाकायचे. वाळीतच की सरळ! प्लिनी या रोमन लेखकानं दुसरंच लिहिलंय, पांढरे कपडे घालून ओकच्या झाडावर चढायचं आणि सोन्याच्या विळ्यानं मिसलटो कापायचं (आपल्याकडं आंब्यावर येतं तसलंच बांडगूळ). 1976 साली या गेममध्ये ड्रुइड खेळाडूंना घ्यायला मिळाला तेव्हा त्याच्याबरोबर मिसलटो आलं, विळा आला, न्यायाधीश मात्र मागंच राहिला. माझ्या मते सगळी गडबड तिथंच झाली.

तो न्यायाधीश मला सापडला आपल्याच डोंगरात. पाटण, जावळीकडं देवराया आहेत, त्यांचा नियम सगळ्यांना माहितीय, कुऱ्हाड लावायची नाही, कितीतरी ठिकाणी पडलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. पण देवळाचं छप्पर कोसळलं आणि लाकूड लागलंच तर? मग देवाला विचारायचं, गुरवानं कौल लावायचा. म्हणजे बंदी आहे आणि ती कधी, कोणासाठी, किती सैल करायची याची रीतही आहे. मला ड्रुइड असा पाहिजे होता. जंगल राखणारे तर बरेच असतात, पण "एवढं घ्या, याच्यापुढं नाही" असं सांगणारा आणि गावानं ज्याचं ऐकलंच पाहिजे असा एकच.

मग पहिल्याच मोठ्या सेशनला पूर आणला. सांगलीत पुराची गोष्ट गंमत म्हणून कोणी ऐकत नाही, पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी लोक मॅचच्या स्कोअरसारखी विचारत असतात, 45 फुटाला धोका आणि 2019 ला पाणी 57 च्या वर गेलेलं, टेबलावरच्या दोघांच्या घरात तेव्हा पाणी होतं. गेममधल्या व्यापाऱ्यांनी नदीच्या पात्राला लागून पेठ उठवलेली, आणि ते ड्रुइडच्या हातापाया पडतायत की पाणी फिरव. नियमात कंट्रोल वॉटर म्हणून मंत्र आहे, पण तो चालतो 100 फुटी ठोकळ्यापुरता, नदीपुढं त्याचं काय होणार.

इथं जे भांडण पेटलं ते दोन तास चाललं. आमचा ड्रुइडवाला म्हणाला मी पूर अडवणार नाही, पूर आला नाही तर गाळाची मळी कुठून येणार आणि मळी नाही तर कृष्णाकाठची वांगी कुठून खाणार लका? (गेममधल्या नदीला कृष्णा म्हणत नाहीत, पण असो.) त्यावर घरात पाणी शिरलेल्यांपैकी एकजण जाम चिडला, म्हणाला तुझी वांगी गेली खड्ड्यात, माझ्या आईनं चार दिवस माळ्यावर काढलेत. एकदम सगळे गप्प. खरं सांगायचं तर निसर्गाचा समतोल वगैरे बोलायला भारी वाटतं, पण बोलणाऱ्याचं घर उंचावर असलं की त्यात काही दम राहत नाही, आणि बऱ्याच फँटसीतले ड्रुइड उंचावरच राहतात. म्हणून मी नियमच केला की आमच्या जगात ड्रुइडची झोपडी गावात सगळ्यात खाली, पाण्याच्या तोंडाशी.

शेवटी कौल लावू म्हटलं. फासे बाजूला ठेवले, स्टीलच्या तांब्याच्या दोन्ही अंगाला झेंडूची एकेक पाकळी ओली करून चिकटवली, उजवी पडली तर नदी ऐकेल. पंखा बंद केला. बराच वेळ काही होईना, डावी पाकळी नुसती टोकाला सुटून लोंबत राहिली, सगळ्यांची डोकी तांब्याला टेकायची बाकी, आणि मग उजवी हळूच घसरली. पोरांनी जो दंगा केला, शेजारच्या काकू बघायला आल्या.

उजव्या कौलाला ड्रुइडनं अट घातली. यंदा पाणी पेठेला वळसा घालून जाईल, पण पुढं जिथवर ओल चढली तिथवर दगड रोवायचे, त्याच्या आत घर नाही, दुकान नाही, पावसाचे चार महिने ती जागा नदीची. जो दगड हलवेल तो वाळीत. एकजण म्हणाला, अरे ही तर पाटबंधारे खात्याची निळी रेषा, जिच्या आत बांधकामाला बंदी असते! हो, तीच, फक्त हिला कोणी मोडत नाही, मोडली तर ड्रुइड अस्वल होऊन दारात येतो. अस्वलाचा मला पटलेला हा पहिला उपयोग.

आता व्यापारी वरच्या खोऱ्यात धरण बांधा म्हणून मागं लागलेत. गेममध्ये फायटर, म्हणजे लढवय्या, घेतलेला आमचा गडी खऱ्या आयुष्यात सिव्हिल इंजिनिअर आहे, त्यानं ग्रुपवर आत्ताच एस्टिमेट टाकलंय, आणि ड्रुइडवाला विचारतोय की बुडणाऱ्या गावांना यात कुठं धरलंय.