मुद्दलाच्या रकान्यातले सदतीस हजार

गृहकर्जाच्या वार्षिक दाखल्यावर दोन आकडे असतात: वर्षभरात व्याज किती गेलं आणि मुद्दल किती फिटलं. रिटर्न भरताना बहुतेक जण व्याजाचा आकडा उचलतात आणि पुढे जातात, कारण भाड्याने दिलेल्या घराला वजावट मिळते ती व्याजाची. मुद्दलाचा रकाना तसाच राहून जातो. २०२५च्या जुलैत मात्र त्या रकान्यामुळे माझा अख्खा दिवस एका कुटुंबाच्या कर्जांत गेला. त्यांच्या संमतीने लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

परळला माझं छोटं ऑफिस आहे. आसपासच्या रुग्णालयांतल्या बऱ्याच सिस्टर रिटर्न भरायला माझ्याकडे येतात. या सिस्टर नव्या होत्या. ३१ मेला महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. इतकी वर्षं त्यांचा रिटर्न भाचा भरायचा. तो बंगळुरूला गेला, म्हणून एका मैत्रिणीने त्यांना माझ्याकडे पाठवलं. बरोबर यजमान होते, बेस्टमधून आधीच निवृत्त झालेले. रिटर्नची मुदत त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, त्यामुळे ऑफिसात गर्दी नव्हती आणि मला निवांत बोलता आलं.

खरं तर रिटर्नपेक्षा त्यांना एक बातमी सांगायची घाई होती. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे मिळून साधारण २६ लाख खात्यात जमा झाले होते. त्यातून भांडुपच्या राहत्या घराचं कर्ज, उरलेले १४ लाख, एकरकमी फेडायचं ठरलं होतं. बाकीचे बँकेत मुदत ठेवीत. सिस्टर म्हणाल्या, "डोक्यावरचं छप्पर मोकळं झालं की मी सुटले." त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मध्येच काही विचारणं मलाही जड गेलं.

त्यांची घरं तीन. भांडुपचं राहतं. बदलापूरला एक वन आरके, त्याचं कर्ज फिटत आलेलं, दीड लाखाच्या आत. आणि डोंबिवलीचा वन बीएचके, २०१७ साली एका गृहवित्त कंपनीकडून २४ लाखांचं कर्ज काढून घेतलेला, चौदा हजार भाड्याने दिलेला. हप्ता २०,८२८ रुपये.

"डोंबिवलीचं काय करणार?" मी विचारलं.

"ते लवकरच फिटेल, मॅडम," काका म्हणाले. "तिथे मी दर महिन्याला पाच हजार जादा टाकतोय. तीन वर्षं झाली."

मी समोरचा दाखला पुन्हा हातात घेतला. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५: व्याज २ लाख १३ हजार, मुद्दल ३७ हजार. दोन्हींची बेरीज अडीच लाख. बारा हप्ते गुणिले २०,८२८ म्हणजेही बरोबर अडीच लाख. मग जादाचे कुठे गेले? महिना पाच हजार म्हणजे वर्षाचे साठ हजार. ते मुद्दलात गेले असते तर मुद्दलाचा आकडा सत्याण्णव हजारांच्या पुढे दिसायला हवा होता. इथे एकूण मुद्दलच साठ हजारांपेक्षा कमी.

मी काकांना कंपनीच्या ॲपवरून पूर्ण स्टेटमेंट काढायला सांगितलं. नुसता दाखला नको, खात्याचा उतारा, पहिल्या तारखेपासूनचा. त्यांना ते जमेना, तेव्हा मीच त्यांच्या फोनवरून मागवलं आणि प्रिंट काढली. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्त्याची नोंद, व्याज इतकं, मुद्दल इतकं, शिल्लक इतकी. आणि जुलै २०२२पासून दर महिन्याला खाली आणखी एक ओळ: पाच हजार जमा, शेजारी 'एक्सेस अमाउंट, अनअ‍ॅडजस्टेड'. म्हणजे जादा रक्कम, कशातच न वळवलेली. त्या ओळीनंतर शिल्लक कर्जाचा आकडा जागचा हलला नव्हता. जून २०२५च्या शेवटी त्या डबक्यात साचलेले होते १ लाख ८० हजार. त्यावर व्याज शून्य, आणि त्याच वेळी त्याच कंपनीचं कर्ज सव्वादहा-साडेदहा टक्क्यांनी चालू.

काकांनी चष्मा काढून कागद जवळ धरला. निवृत्तीनंतर ते एका सोसायटीचा हिशोब लिहायचे, त्याचे महिन्याला पाच हजार मिळायचे. ते सगळेच्या सगळे इथे येत होते. सिस्टर इतकंच म्हणाल्या, "मी यांना म्हणत होते गावच्या घराची कौलं बदलू. हे म्हणायचे, आधी कर्ज."

मग मी उतारा वरून खाली वाचला आणि दुसरी गोष्ट दिसली, ती मला जास्त लागली. आठ वर्षांत दोघांनी हप्त्यांपोटी वीस लाख भरले होते. कर्ज २४ लाखांवरून २० लाख १७ हजारांवर आलं होतं. वीस लाख भरून चार लाखसुद्धा फिटले नव्हते. आणि शेवटच्या हप्त्याचं साल, जे करारात २०३७ होतं, ते आता २०४२ झालं होतं. सिस्टर तेव्हा पंच्याहत्तर वर्षांच्या असतील.

असं का झालं ते त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला, आणि तो मी मुद्दाम दिला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. सगळ्यांचंच व्याज वाढलं. पण कर्ज देणाऱ्यांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. हप्ता बदलला नाही, त्यामुळे घरी कुणाला काही कळलं नाही. पुढे फेब्रुवारी ते जून २०२५मध्ये रेपो साडेपाचपर्यंत खाली आला. भांडुपचं कर्ज बँकेचं, रेपोशी जोडलेलं, म्हणून ते आपोआप ८ टक्क्यांवर उतरलं. नवीन कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडायचा ऑक्टोबर २०१९चा नियम बँकांना आहे. गृहवित्त कंपनी स्वतःच्या दराने चालते. डोंबिवलीचा दर जेमतेम पाव टक्का कमी होऊन सव्वादहाला थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांबरोबर मी स्वतः ठाण्याच्या शाखेत गेले. समोरचा मुलगा सभ्य होता. त्याने सांगितलं ते असं: मुद्दलात रक्कम घ्यायची तर पार्ट पेमेंटचा, म्हणजे थोडं कर्ज आधीच फेडण्याचा, अर्ज लागतो आणि रक्कम किमान एका हप्त्याइतकी हवी. पाच हजार हप्त्यापेक्षा कमी, अर्ज नाही, म्हणून सिस्टिमने ते बाजूला ठेवले. "कस्टमरने विचारलं नाही, मॅडम." छत्तीस महिने एखादा माणूस हप्त्याच्या वर पैसे पाठवतोय, तर ते कशासाठी, हे त्याला एकदा विचारायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची आहे असं मी मानते. तिथेही मी हेच बोलले. त्याच टेबलावर अर्ज लिहून १ लाख ८० हजार मुद्दलात वळवून घेतले आणि पोच घेतली.

आता मूळ प्रश्न राहिला: २६ लाख कुठे?

सिस्टरांचं मन भांडुपकडेच होतं. राहत्या घरावर कर्ज नको, ही भावना मी हसण्यावारी नेत नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या घराचे कागद स्वतःच्या कपाटात असणं म्हणजे काय, हे परळला राहून मला माहीत आहे. पण आकडे वेगळं सांगत होते. भांडुपच्या १४ लाखांवर वर्षाला १ लाख १२ हजार व्याज. डोंबिवलीच्या १८ लाख ३७ हजारांवर १ लाख ८८ हजार. शिवाय डोंबिवलीचा भाडेकरू आदल्या वर्षी करार संपल्यावर गेला तेव्हा फ्लॅट दोन महिने रिकामा होता. हप्ता पगारातून गेला. आता पगार नाही, ४५ हजार पेन्शन आहे. भाडं थांबलं तरी हप्ता थांबत नाही.

भाच्याचा सल्ला मध्ये आला: भाड्याच्या घराचं कर्ज ठेवा, टॅक्स वाचतो. हे वाक्य मी मुंबईत रोज ऐकते, आणि निवृत्त माणसांचं त्याने फार नुकसान होतं. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. भाड्याच्या घराला आहे, पण ती भाड्यापुरती. घरपट्टी बाजूला ठेवली तर वर्षाचं भाडं १ लाख ६८ हजार, त्यातून ३० टक्के सरसकट वजा, उरले १ लाख १७ हजार ६००. व्याज २ लाख १३ हजार. वरचा तोटा पगारातून वा पेन्शनमधून वजा होत नाही. त्यात एप्रिल २०२५पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. सिस्टरांची पेन्शन, भाडी, ठेवींचं व्याज सगळं धरूनही त्या त्याच्या खूप खाली. वाचवायला करच नाही, तर कर वाचवायला कर्ज कशाला?

मी त्यांना कागदावर एकच मांडणी करून दिली. डोंबिवली पूर्ण बंद. बदलत्या व्याजदराचं, व्यक्तीच्या नावावरचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून दंड घेता येत नाही. बँकांसाठी हा नियम रिझर्व्ह बँकेने २०१२मध्ये केला आणि गृहवित्त कंपन्यांनाही तसाच आहे. उरलेले साडेसात लाख भांडुपात भरायचे नाहीत. सिस्टरांचं वय ५८, पण सेवानिवृत्त झालेल्यांना ५५ वर्षांनंतरही पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना घेता येते, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तिचा दर तेव्हा ८.२ टक्के. आठ टक्क्यांचं कर्ज फेडण्यासाठी तो पैसा अडकवायचा, आणि उद्या काकांना ॲडमिट करावं लागलं तर हात पसरायचे, हे मला पटेना. कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. मागायचा तर नवीन टॉप-अप कर्ज, नवीन कागद, आणि निवृत्त माणसाला ते सहज मिळत नाही. साडेपाच पोस्टात, दोन लाख हाताशी.

"आणि भांडुप?" सिस्टरांनी विचारलं. तेच त्यांच्या मनात घोळत होतं.

भांडुपचा हप्ता १९ हजार, असाच चालला तर साडेआठ वर्षं. डोंबिवलीचं चौदा हजार भाडं आता पूर्ण हातात येणार. ते दर महिन्याला भांडुपच्या मुद्दलात टाकलं तर कर्ज चार वर्षं दोन महिन्यांत संपतं, आणि व्याजाचे सुमारे २ लाख ८० हजार वाचतात. भाडेकरू नसेल त्या महिन्यात नुसता हप्ता भरायचा, कुणी विचारणार नाही. हे ऐकून त्यांनी पहिल्यांदा काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "बासष्टाव्या वर्षी मोकळी होशील." बदलापूरला हात लावला नाही, ते आपलं आपण संपेल.

भांडुपच्या कर्जाच्या बँकेत आधी लेखी विचारून घेतलं: जादा रक्कम किती असली तर मुद्दलात जाते, आणि हप्ता कमी होतो की मुदत. मुदत कमी करायला सांगितली. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार कर्ज देणाऱ्याने दर तिमाहीला आजवर वसूल झालेलं व्याज आणि मुद्दल, हप्ता, उरलेले हप्ते आणि दर दाखवणारं स्टेटमेंट द्यायचं असतं. काकांना मी एकच काम लावलंय: उरलेल्या हप्त्यांचा आकडा वहीत लिहायचा. जादा भरलेल्या महिन्यानंतर तो एकापेक्षा जास्तने उतरला नाही तर मला फोन करायचा.

डोंबिवलीचं खातं ऑगस्टमध्ये बंद झालं. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३पासून आहे. त्याची आठवण अर्जातच लिहिली होती. ॲग्रीमेंट, इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेट विसाव्या दिवशी मिळालं. सोसायटीच्या दप्तरातली बोज्याची नोंदही काढून घेतली. ती बरेच जण विसरतात आणि मग विकताना अडकतात.

राहिलं ते तीन वर्षांच्या बुडालेल्या व्याजाचं. वेळच्या वेळी मुद्दलात गेले असते तर ढोबळमानाने तीस हजारांच्या आसपास वाचले असते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने उत्तर दिलं की मागच्या तारखेने जमा करता येणार नाही, कारण ग्राहकाची सूचना नव्हती. मी काकांच्या बँकेचं पासबुक मागवलं. ऑनलाइन पैसे पाठवताना शेरा लिहायची जागा असते, तिथे त्यांनी दर महिन्याला इंग्रजी अक्षरांत 'मुद्दल' असं लिहिलेलं आहे, जुलै २०२२पासून. ती सगळी पानं जोडून तक्रार गृहवित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेच्या पोर्टलवर टाकली आहे. निकाल अजून आलेला नाही. आम्ही तिघंही ती सोडणार नाही.