गिटारसाठी नेक सपोर्ट घेतला आणि चार संध्याकाळ अडकले: माझा अनुभव

"उंची किती आहे, आणि नेकला टेकतो तो भाग कशाचा आहे?" नेक सपोर्ट, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी गिटारच्या लांब दांड्याखाली (नेकखाली) ठेवायचा टेकू, विकणाऱ्याला मी एवढंच विचारलं होतं. नऊ दिवसांनी उत्तर आलं, "सगळ्या गिटारना चालतो." ना मिलिमीटर, ना मटेरियल. तो राग अजून पुरता उतरलेला नाही. गिटार दुरुस्तीच्या टेबलावर नेकखाली ठेवायच्या टेकूबद्दल विकत घेण्याआधी विचारावं असं मुळात या दोन गोष्टींपलीकडे फारसं काही नसतं, आणि नेमक्या त्याच कोणी लिहीत नाही.

तरी घेतला. कारण तारा बदलणं, तारांची उंची म्हणजे अ‍ॅक्शन, इंटोनेशन (नेकभर सूर बरोबर येणं), फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या पॉलिश करणं हे सगळं मी स्वतःच करते आणि इतकी वर्षं नेकखाली घडी घातलेला टॉवेल ठेवत आले होते. टॉवेल वाईट नाही, पण फ्रेटवर जरा जोर दिला की तो दबतो आणि नेक हाताखालून खाली जातो. मला घट्ट काहीतरी हवं होतं. आलेला सपोर्ट घट्ट होता, वर व्ही आकाराची खाच, खाचेत काळा रबरासारखा थर. नेक त्यात छान बसला.

आणि मग मी रिलीफपाशी अडकले.

रिलीफ म्हणजे तारांच्या ताणाने नेकला येणारा किंचित खोलगट बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, नेक बॉडीला जुळतो तिथला फ्रेट बोटाने दाबायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट उरते ते फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी) बघायचं. इलेक्ट्रिक गिटारला बहुतेक जण ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान कुठेतरी थांबतात. माझ्या हाताला ०.२ मानवतं.

पहिल्या संध्याकाळी गिटार नव्या सपोर्टवर उताणी ठेवून मोजलं तर ०.३. ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईला, घट्ट करत अष्टमांश फेरा दिला, तारा परत सुरात आणल्या, ०.२ आलं. गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागले तर पहिल्या तीन फ्रेटवर तारा बझ करायला, म्हणजे फ्रेटला लागून खरखरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी रॉड तेवढाच ढिला केला. बझ गेला. खात्री करायला पुन्हा टेबलावर ठेवून मोजलं तर पुन्हा ०.३, म्हणजे हवं त्यापेक्षा जास्तच. वाटलं, बझ आला तेव्हा लाकूडच हललं असेल, हवेतला दमटपणा बदलला की नेक हलतोच. परत घट्ट केला. परत बझ. तिसऱ्या दिवशी नटच्या (नेकच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचा जास्त खोल झाल्यात का ते तपासलं. पण दाबलेल्या फ्रेटवर येणाऱ्या बझचा नटशी संबंध नसतो, हे मला माहीत असूनही तासभर त्यातच घालवला. चौथ्या दिवशी दुसरा-तिसरा फ्रेट उंच आहे असं ठरवून मी लेव्हलिंगची, म्हणजे फ्रेट घासून एका पातळीत आणायची फाइल हातात घेतली होती. फ्रेटचा धातू एकदा घासला की परत येत नाही. ती फाइल लावली असती तर एक निरोगी नेक मी माझ्या हाताने बिघडवला असता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

वाचवलं ते एका योगायोगाने. ०.२ चं पातं तारेखाली सरकवलेलं होतं, मोकळं, पुढे-मागे सहज फिरणारं. आठव्या फ्रेटवर नीट उजेड पडावा म्हणून मी एका हाताने नेक सपोर्टवरून जेमतेम बोटभर उचलला. आणि पातं अडकलं. तार त्याच्यावर बसली. नेक खाली ठेवला, पातं सुटलं. पाच-सहा वेळा तसंच केलं. उचलला की अडकतं, ठेवला की सुटतं.

म्हणजे बाक बदलत होता आणि तो बदलत होता माझा टेकू.

कारण समजून घेतलं तेव्हा आश्चर्य वाटणं बंद झालं. १०-४६ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा एकूण ताण ४५ किलोच्या आसपास असतो, ऐकायला प्रचंड. पण तारा नेकला जवळजवळ समांतर, एक-दोन सेंटिमीटर अंतरावरून धावतात, त्यामुळे नेक वाकवायला त्या ताणाला हात फार आखूड मिळतो. टेकूचा जोर मात्र काटकोनात लागतो, आणि तोही नेकच्या पार टोकाशी. तिथे किलोभर वजन टेकलं तरी नट वरच्या बाजूला ढकलला जातो, मधला भाग खोलगट होतो आणि फट वाढलेली दिसते. मी ती खोटी फट घट्ट करत होते. गिटार उचलली की ती नाहीशी, आणि उरलेला नेक गरजेपेक्षा सपाट, म्हणून पहिल्या फ्रेटवर बझ.

माझ्या बाबतीत भर पडली ती उंचीची. सपोर्ट त्या गिटारसाठी उंच होता. बॉडी खालच्या टोकावर, पट्ट्याच्या बटणाच्या बाजूला टेकलेली आणि नेकजवळचा भाग मॅटवरून उचललेला, म्हणजे गिटारचं जवळजवळ अर्धं वजन नेकच्या टोकावर. हे डोळ्यांना दिसत नाही. कागदाने दिसतं. गिटार ठेवल्यावर नेकच्या बाजूने बॉडीखाली साधा कागद सरकवा. सहज आत गेला तर टेकू उंच आहे. बॉडी मॅटवर पूर्ण बसलेली असावी आणि टेकूने नेकला फक्त स्पर्श करावा, उचलू नये. उंची बरोबर असली तरी थोडा भार येतोच, म्हणून रिलीफ आणि अ‍ॅक्शन मी आता टेबलावर फक्त अंदाजाला मोजते. शेवटचा आकडा गिटार वाजवतो तशी कडेवर उभी धरून, नेकला कशाचाही आधार नसताना. कॅपो लावलेला असला की एक हात बॉडीजवळचा तो फ्रेट दाबायला आणि एक पात्याला पुरतो. जमतं.

तर, उंची. विकत घ्यायच्या आधी आपली गिटार नेहमीच्या मॅटवर उताणी ठेवून, हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, तारांच्या खुंट्यांचा भाग) हाताने हलका सांभाळत, तिसऱ्या फ्रेटखाली टेबलापासून नेकच्या पाठीपर्यंत मोजा. माझ्या स्ट्रॅट धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारला ते जेमतेम ३० मिमी भरतं, अकूस्टिकला ८० च्या वर. एकच ठरावीक उंचीचा टेकू या दोघींना चालणं शक्यच नाही, आणि "सगळ्या गिटारना" या शब्दांचा मला राग आहे तो म्हणून. मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या गिटारचं गणित वेगळं. लेस पॉल या दुसऱ्या इलेक्ट्रिक धाटणीत हेडस्टॉक १७ अंशांपर्यंत मागे झुकतो, नेकही बॉडीतून मागे कललेला निघतो, त्यामुळे उताणी ठेवली की हेडस्टॉकचं टोक टेबलाला लागतं. तिथे बॉडीखालीच जाड मॅट घालून अख्खी गिटार वर घ्यावी लागते. टेकू हेडस्टॉकखाली कधीच नको, नेकखालीच हवा. नटमागची जागा या गिटारचा सगळ्यात नाजूक भाग: तिथे लाकडाच्या शिरा तिरक्या तुटतात आणि ट्रस रॉडसाठी ते कोरलेलंही असतं.

रबराचं सांगायचं राहिलंच. त्याच महिन्यात एका मैत्रिणीची जुनी गिटार आली, नायट्रोसेल्युलोज लॅकर या पारंपरिक चकचकीत लेपाची. रात्रभर सपोर्टवर राहिली. सकाळी उचलताना नेक खाचेला हलकासा चिकटलेला जाणवला, आणि उजेडात तिरका धरला तर पाठीवर दोन बोटांएवढे दोन मंद पट्टे, चकाकी गेलेले. काही प्रकारचं रबर, व्हिनाइल आणि फोम यांतली रसायनं या लॅकरमध्ये शिरून ते मऊ करतात. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर फिनिशला हा त्रास सहसा होत नाही. पण नायट्रो फक्त जुन्या गिटारवरच असतं असंही नाही, गिब्सन कंपनी आजही आपल्या बहुतेक अमेरिकी गिटारवर तेच वापरते. मैत्रिणीला मी लगेच फोन करून सांगितलं. पट्टे पॉलिशने बरेच गेले, पूर्ण नाही. "मटेरियल काय" हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. उत्तर मिळत नसेल तर रबर आहे असं धरून चाला आणि कॉर्क, फेल्ट किंवा सुती कापड यांशिवाय काहीही नेकला लागू देऊ नका.

शेवटी टेकू मी स्वतःच केला. कठीण लाकडाचा विटेसारखा ठोकळा, तिन्ही बाजू वेगवेगळ्या मापाच्या: आडवा ठेवला की इलेक्ट्रिक, कडेवर ठेवला की मधल्या जाडीची बॉडी, उभा केला की अकूस्टिक. प्रत्येक बाजूला नेकच्या गोलाईची उथळ खाच, त्यात कॉर्क. व्हीपेक्षा उथळ गोलाई बरी. व्हीमध्ये नेक दोन रेघांवर टेकतो, गोलाईत सगळा तळवा टेकल्यासारखा. उभ्या बाजूचा पाया अरुंद पडत होता, म्हणून तिथे खाली एक रुंद फळी स्क्रूने जोडून घेतली, नाहीतर ट्रस रॉडची किल्ली फिरवताना ठोकळा कलंडतो. आणि हो, ट्रस रॉडचं तोंड हेडस्टॉककडे असेल तर टेकू दोन-तीन फ्रेट आत सरकवा, किल्लीला फिरायला जागा लागते.

फ्रेट ठोकून बसवायचा असेल तर मात्र हा ठोकळा एका जागी ठेवून भागत नाही. हातोडीचा घाव जिथे पडणार, बरोबर त्याच्या खाली आधार हवा आणि तो जड हवा. मऊ आधारावर नेक उसळतो, घाव वाया जातो आणि फ्रेट अर्धवट बसतो. त्यासाठी वाळू गच्च भरलेली चामड्याची पिशवी ठेवली आहे, ती नेकच्या आकाराला धरून बसते आणि प्रत्येक फ्रेटगणिक पुढे सरकवता येते.

एक सवय आणखी. फ्रेट फाइल केल्यावर धातूचा बारीक कीस कॉर्कमध्ये रुततो, दिसत नाही पण नेकवर ओरखडे काढतो. प्रत्येक गिटार ठेवायच्या आधी मी खाच जुन्या टूथब्रशने झाडते आणि वरून बोट फिरवून बघते.