टाकीतला गडी

जुन्या इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाडीत चावी ‘ऑन’ केली की मागच्या सीटखालून बारीक गुणगुण ऐकू येते आणि दोनेक सेकंदांत थांबते. तो पेट्रोलचा पंप. इंजिन फिरायच्या आधीच पेट्रोलच्या लाइनमध्ये दाब भरून ठेवतो. त्याचा आवाज कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो येईनासा झाला की मात्र सगळे कान टवकारतात.

इंजेक्शनच्या आधी पेट्रोल हवेत मिसळून देणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जमान्यातला पंप साधा होता. इंजिनाला बाहेरून चिकटलेला, आतला पडदा वरखाली करणारा. कार्ब्युरेटरला थोडासाच दाब पुरायचा. इंजेक्शन आलं आणि तीन बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिपटीच्या आसपास दाब लागू लागला. मग विजेचा पंप आला आणि थेट टाकीत जाऊन बसला.

पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेली, वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश घासत फिरणारी विजेची मोटर! ही कल्पना मला अजूनही अघोरी वाटते. पण आगीला हवा लागते, आणि मोटरीच्या आत पेट्रोलच वाहत असतं. उलट तेच पेट्रोल तिला थंड ठेवतं, वंगण पुरवतं. सदैव रिझर्व्हवर गाडी हाकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पंप बहुधा कुरकुरत मरतो. चढावर गाडी दम टाकते, तापली की बंद पडते, निवली की मुकाट्याने सुरू होते. मेकॅनिक टाकीच्या बुडाला रबरी हातोडी मारतात. अडकलेला ब्रश टेकतो आणि गाडी चक्क चालू लागते. याला दुरुस्ती म्हणू नये. घर गाठण्यापुरती ती उधारी.

तरी पंपावर आळ घेण्याची घाई नको. फ्यूज, रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच), गंजलेलं अर्थिंग यांच्यापायी कितीतरी धडधाकट पंप भंगारात गेले असतील. पंपाच्या वायरींच्या कनेक्टरला मीटर लावावा. चावी फिरवल्यावर तिथे बारा व्होल्ट येत असतील आणि पंप तरीही गप्प असेल, तरच तो गुन्हेगार.

बदलण्याचं काम अवघड नाही, धोक्याचं आहे. टाकी उघडली की वाफ हवेत मिसळते आणि मग तिला एक ठिणगी पुरते. म्हणून मोकळी जागा हवी आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायला हवी. पंप मेला तरी लाइनमध्ये दाब उरलेला असू शकतो, तेव्हा जोड फडकं गुंडाळूनच सैल करायचा. टाकीवरच्या पंपाच्या झाकणाभोवतीची धूळ आधी पुसायची, नाहीतर ती सरळ टाकीत. ते झाकण धरून ठेवणारी लॉक रिंग पितळी दांड्याने ठोकायची. लोखंडावर लोखंड नको. पेट्रोलच्या काट्याला पातळी कळवणाऱ्या फ्लोटची तार वाकू न देता सगळा सांगाडा तिरका करून बाहेर काढायचा. झाकणाखालची रबरी ओ-रिंग नवीच घालायची, इथली काटकसर पुढे पेट्रोलच्या वासाने फेडावी लागते.

जुना पंप फेकण्याआधी त्याच्या तळाची जाळी मात्र उजेडात धरून बघा. तिच्यात तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजली आहे. ती साफ केल्याशिवाय नवा पंप बसवलात, तर तोही त्याच वाटेने जाणार.